आई-बाबांचं आजारपण आणि मुंबईतल्या सोयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेल्या मुंबईकरांसाठी आणि त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या मुली, मुलगे, सुना, जावयांसाठी ही माहिती आहे. 'आता वय झालं, चालायचंच' या एका वाक्यामुळे जेवढा उशीर होतो, तेवढा लोकल बंद पडल्यानेही होत नाही. चक्कर, गळून जाणं, अचानक बरळणं, लघवीवर ताबा नसणं या गोष्टी वयामुळे आपोआप होत नाहीत. त्यांना कारण असतं आणि बऱ्याचदा ते सापडतं.

बाबांच्या चार तक्रारी आहेत. आधी कुणाला दाखवायचं?

चार तज्ज्ञांकडे एकदम जाऊ नका. प्रत्येक जण आपल्या अवयवापुरत्या दोन गोळ्या लिहितो आणि सगळ्यांची बेरीज कुणीच करत नाही. ओळखीचे फॅमिली डॉक्टर किंवा एक फिजिशियन ठरवा आणि पुढची चिठ्ठी त्यांच्याकडूनच घ्या. सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयात जायचं असेल तर केईएम (परळ), लोकमान्य टिळक (शीव), नायर (मुंबई सेंट्रल) किंवा कूपर (विलेपार्ले) इथल्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करा. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाला राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्रादेशिक केंद्राचा दर्जा आहे, त्यामुळे वृद्धांच्या गुंतागुंतीच्या आजारांसाठी तिथे चौकशी करावी. नुसता बीपी-शुगर तपासून घेणं आणि नेहमीच्या गोळ्या यासाठी मोठ्या रुग्णालयाची रांग कशाला? घराजवळचा महापालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' पुरतो.

ओपीडीला जाताना सोबत काय न्यायचं?

एक फाईल आणि एक पिशवी.

फाईलमध्ये सगळ्यात वर एकच कागद ठेवा. त्यावर नाव, वय, आजार आणि ते कधीपासून आहेत, झालेली ऑपरेशन्स, कोणत्या औषधाची अॅलर्जी, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर लिहा. त्याखाली शेवटचं डिस्चार्ज कार्ड, मग रिपोर्ट, नवीन वर आणि जुने खाली. मूळ कागद कुणाला देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या. मोबाईलमधले फोटो चालतात, पण ओपीडीत डॉक्टरांना तुमच्या गॅलरीतून स्क्रोल करायला वेळ नसतो.

पिशवीत घरातली सगळी औषधं घ्या. शेजारच्या काकूंनी दिलेल्या गुडघेदुखीच्या पुड्या, आयुर्वेदिक काढा, डोळ्यांचे थेंब, सगळंच. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राखा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आधी घेऊ नका. रक्त दिल्यावर खाऊन मग घ्या. रांगेतच चक्कर येऊन पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

जमलं तर दोघांनी जा. एक केसपेपरच्या रांगेत, दुसरा बाबांपाशी.

दिवसाला बारा गोळ्या चालू आहेत. कमी करता येतात का?

पुष्कळदा येतात, पण आपल्या मनाने नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, 'यातली कुठली आता बंद करता येईल?' हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून गोळ्या वाढतच जातात.

गोळीवर गोळी कशी चढते त्याचं एक उदाहरण. बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू होते. काहींच्या पायांना त्याने सूज येते. सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी येते. त्यात 'बीपी आहे ना' म्हणून घरात मीठ जवळजवळ बंद केलेलं असतं आणि वर एप्रिल-मेचा घाम. रक्तातलं सोडियम घसरतं. आजी सुस्तावते, असंबद्ध बोलते, जेवत नाही आणि घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. असा बदल दोन-चार दिवसांत झाला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि सोडियम तपासायला सांगा.

लक्ष ठेवण्यासारख्या आणखी काही जोड्या :

सर्दीच्या साध्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने अडू शकते, शिवाय गुंगी आणि गोंधळ वेगळाच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखं पेनकिलर हे बीपीच्या आणि लघवीच्या गोळीसोबत आठवडाभर घेतलं तरी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. झोपेच्या गोळीनंतर रात्री लघवीला उठताना तोल जातो, हे तर ठरलेलंच.

खर्च कमी करायचा तर जनऔषधी केंद्रात जेनेरिक मिळतं. तिथे ब्रँडचं नाव उपयोगाचं नाही, मूळ घटक आणि मिलिग्रॅम लिहून न्या. दोन ब्रँडमध्ये तोच घटक असेल तर चुकून दुप्पट डोस जातो, तेही तेव्हाच लक्षात येईल.

आईला डायबिटीस आहे, पण एकादशी आणि चातुर्मास सोडायला तयार नाही.

वाद घालू नका. उपवासाच्या आधी गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्या. धोका प्रामुख्याने ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड आणि इन्सुलिनचा आहे. पोट रिकामं असलं तरी ही औषधं साखर उतरवतच राहतात. दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा साखर झपाट्याने वर नेतात. भगर, ताक, शेंगदाणे, राजगिरा थोडे थोडे खाल्लेले बरे.

घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आकडा असेल तर पाण्यात तीन चमचे साखर कालवून पाजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मात्र गोळीच्या नावात व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण तिचं पचन त्या गोळीने रोखून धरलेलं असतं. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. सावरल्यावर पोळी किंवा भात खायला द्या. ग्लिमेपिराईडचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

आणि हो, ऐंशीच्या घरातल्या, इतर आजार असलेल्या माणसाचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ वर आणण्याचा हट्ट धरू नये. अनेकदा ८ च्या आसपासचा आकडा त्यांच्यासाठी जास्त सुरक्षित असतो. नेमका किती हवा ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पडू नयेत म्हणून घरात काय बदल करायचे?

मोरी आणि संडासापासून सुरुवात. दांडी भिंतीत रॉलप्लग-स्क्रूने पक्की बसवलेली हवी. सक्शनने चिकटणारी दांडी ऐन वेळी हातात येते. टॉवेलची दांडीही आधाराची नव्हे. उंची जमिनीपासून साधारण ८० ते ९० सेंटिमीटर, पण बसवण्याआधी त्या माणसाला तिथे उभं करून हात कुठे जातो ते पाहा. आंघोळीला चार पायांचं, रबरी बूट असलेलं स्टूल द्या. कमोडची बैठक १७ ते १९ इंच असली की गुडघ्यांवर जोर येत नाही.

चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर रात्रीपुरती कमोड खुर्ची खोलीतच ठेवावी. लाज वाटते म्हणून ज्येष्ठ मंडळी नकार देतात आणि मग संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि चक्कर. पडदा लावा, पण खुर्ची आणा.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते. दहापैकी आठ सिनेमांत ती चुकीच्या हातात दिसते. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या सुरकुतीपाशी आली पाहिजे. खालचा रबरी बूट गुळगुळीत झाला की बदला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी झोपून मोजा, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन हे त्याचं नेहमीचं कारण आहे.

पडलेच, तर?

हाताला धरून लगेच उठवू नका. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, उभं राहता येत नसेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तेल चोळून मालीश करू नका. हाड बसवणाऱ्याकडेही नेऊ नका. खुब्याचं ऑपरेशन साधारण ४८ तासांच्या आत झालं तर पुढचा त्रास कमी होतो, आणि हेच दोन दिवस शेक-मालिशीत जातात.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्या. डोक्यातला रक्तस्राव हळूहळू साचतो आणि कधी कधी आठवड्यांनी दिसतो. पडल्यानंतरच्या महिन्याभरात चाल, बोलणं किंवा झोप बदलली तरी त्या पडण्याची आठवण डॉक्टरांना द्या.

अॅम्ब्युलन्सला फोन करतानाच इमारतीचा जिना अरुंद आहे का, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का ते सांगा. बहुतेक जुन्या लिफ्टमध्ये ते मावत नाही. हातांची मजबूत खुर्ची तयार ठेवा. एक माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा करा.

तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही. लगेच काय करायचं?

घड्याळ बघा. 'शेवटचे ठीक कधी दिसले' ही वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी स्कॅनची सोय चोवीस तास असलेल्या रुग्णालयात थेट न्या. वाटेत छोट्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावून घेण्यात वेळ घालवू नका. पाणी पाजू नका, जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका.

७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड कसं काढायचं? आमचं उत्पन्न जास्त आहे.

उत्पन्नाची अट नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असले तरी ते ५ लाख दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असाल तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते.

कागद एकच, आधार. आयुष्मान अॅपवर किंवा योजनेतल्या रुग्णालयात नोंदणी होते. अडतं ते इथे : आधारवरची जन्मतारीख चुकलेली असते आणि योजना तीच धरते, आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही, किंवा बोटांचे ठसे झिजलेले असतात. ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याने किंवा डोळ्याच्या बुबुळाने ओळख पटवायला सांगा. आधारची दुरुस्ती आजारी पडण्याआधी करून घ्या, आयसीयूच्या दारात ती होत नाही.

यातून ओपीडीचा खर्च मिळत नाही, भरती व्हावं लागतं. रुग्णालय योजनेत आहे का, आणि तोच विशिष्ट उपचार तिथे योजनेतून होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या 'आरोग्यमित्रा'ला भेटून पूर्वपरवानगी मिळाल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. भरती आधी आणि कार्ड नंतर दाखवलं की पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. हेल्पलाईन १४५५५. वय सत्तरच्या आत असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ वर करा.

मोठ्या खासगी रुग्णालयात गरिबांसाठी खाटा असतात म्हणतात. खरं आहे?

हो, ते रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. बिलिंग काउंटरवर विचाराल तर उत्तर मिळणार नाही. 'मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात' असं विचारा, आणि बिल झाल्यावर नाही, भरती होतानाच. खाट नाही म्हणाले तर ते लेखी मागा. तक्रार वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात करता येते.

बाबा विसरायला लागलेत. डिमेन्शियाच असेल?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, आणि चष्मा कशासाठी असतो हे न समजणं वेगळं. रोजच्या भाजीवाल्याचा हिशेब जमेनासा होणं, वीस वर्षं राहत असलेल्या गल्लीत वाट चुकणं, तोच प्रश्न पाच मिनिटांत तीनदा विचारणं असं दिसलं तर तपासणी करा. त्यात बी१२, थायरॉईड, सोडियम आणि गरज वाटल्यास डोक्याचा स्कॅन येतो. नैराश्यानेही विसरभोळेपणा येतो, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपण उगीच विसराळू ठरवतो. ही कारणं सुधारता येतात. बी१२ ची कमतरता शाकाहारी घरात आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बरीच आढळते.

निदान झालंच तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाची मुंबई शाखा आणि डिग्निटी फाउंडेशन यांच्याकडे काळजीवाहकांसाठी मार्गदर्शन मिळतं. खिशात नाव-नंबरची चिठ्ठी आणि सध्याच्या कपड्यांतला ताजा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. हरवले तर चोवीस तास थांबायचा नियम वगैरे काही नाही, तडक पोलीस ठाण्यात जा.

ब्युरोतून मावशी ठेवायच्या आहेत. काय पाहायचं?

आधी काम ठरवा. भरवणं, आंघोळ, डायपर, चालवणं हे काम मावशींचं. इंजेक्शन, नाकातली नळी बसवणं, लघवीची नळी बदलणं हे एएनएम किंवा जीएनएम झालेल्या नर्सचं. 'मावशी सगळं करतात' असं ब्युरो सांगतो, त्यावर विसंबू नका. कागदावर लिहून घ्या : १२ तास की २४, जेवण कुणाचं, महिन्याच्या सुट्ट्या, सुट्टीला बदली कोण, ब्युरोचं कमिशन किती आणि किती महिन्यांचं. आधारची प्रत घेऊन पोलीस पडताळणी करा. चोवीस तासांच्या मावशींनाही सलग झोप मिळायला हवी, त्यांना सोळा-सोळा तास जागवून रुग्णाची काळजी होत नाही.

लघवीची नळी असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकता कामा नये. साधी लॅटेक्स नळी दोन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, सिलिकॉनची तीन महिन्यांपर्यंत चालते. बसवल्याची तारीख पिशवीवर मार्करने लिहा. नाकातल्या नळीने भरवताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतर अर्धा तास तशीच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होऊ नयेत म्हणून?

दर दोन तासांनी कूस बदला. एअर मॅट्रेस आणली म्हणजे ते चुकत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. सरकवताना ओढू नका, चादरीने उचला. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर बेडसोर सुरू झालाय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते. त्यावर स्पिरिट, पावडर, चोळणं नको. रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. आहारात डाळ, दही, अंडी वाढवा.

श्रवणयंत्र, वॉकर, बूट कुठे बनवून मिळतात?

आधी कानातला मळ काढून घ्या, मग ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी). वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ऐकण्याची तपासणी आणि यंत्राची जोडणी होते. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव, पट्टे, बूट आणि फिजिओथेरपी मिळते. यंत्र पहिल्याच दिवशी लोकलच्या गर्दीत लावलं की कपाटात जातं. सुरुवातीला घरातच तासभर लावा.

वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं हवं, आणि खरेदीची पावती जपा.

लसी आणि पावसाळा?

फ्लूची लस दरवर्षी, मुंबईत पावसाआधी, एप्रिल-मे महिन्यांत. न्यूमोनियासाठी पीसीव्ही१३ आणि वर्षभराने पीपीएसव्ही२३, किंवा पीसीव्ही२० चा एकच डोस. नागिणीची लस दोन डोसांची, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. नागीण झालीच तर 'विळखा पूर्ण झाला की माणूस जातो' हे खोटं आहे. खरी घाई औषधाची, ते पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू व्हावं.

तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात, त्यात पायाला जखम असेल तर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाचा) धोका मोठा. ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी विचारा. डॉक्सिसायक्लिन दिली तर जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते.

आई एकटी राहते. मुलं परदेशात.

जवळच्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद करा, अंमलदार घरी येऊन चौकशी करतात. मुंबई पोलिसांची ज्येष्ठांसाठी १०९० आणि देशभराची एल्डरलाईन १४५६७ (सकाळी ८ ते रात्री ८) हे नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लावा. मन उदास असेल तर टेली-मानस १४४१६. ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३०, तेही लगेच, कारण पैसे पुढे सरकण्याआधीच अडवता येतात. एक किल्ली शेजारी द्या आणि दाराला आतून कडी न लावता बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच लावा.

मुलगा घर नावावर करून घेऊन आता बघत नाही. काही करता येतं?

२००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करा. निर्वाह भत्ता महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतो. निकाल ९० दिवसांत अपेक्षित असतो. बक्षीसपत्रात 'आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर कलम २३ खाली ते रद्द करून घेणं सोपं जातं. ज्यांनी अजून सही केलेली नाही, त्यांनी हे वाक्य आधी घालून घ्यावं.

डॉक्टर म्हणतात आता इलाज नाही. घरी न्यायचं का?

इलाज नाही म्हणजे वेदना, धाप, मळमळ यांवरही काही नाही, असं नव्हे. पॅलिएटिव्ह केअरची (त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) चिठ्ठी मागा; टाटा मेमोरियलमध्ये त्याचा विभाग आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीजवळचं शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची मोफत सेवा करतं. घरी नेणार असाल तर डिस्चार्जआधी चार गोष्टी लिहून घ्या : वेदना वाढल्यास कोणती गोळी किती वेळाने, बद्धकोष्ठतेचं औषध (मॉर्फिनबरोबर ते लागतंच), रात्री फोन कुणाला, आणि पुन्हा आयसीयूत न्यायचं की नाही.

शेवटचा निर्णय रुग्णाने शुद्धीत असताना सांगितलेला असेल तर भावंडांत भांडणं होत नाहीत. २०२३ पासून 'लिव्हिंग विल' (शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद) दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक फाईलमध्ये, त्या सगळ्यात वरच्या कागदाच्या मागे.